खाल्लेली भाकरी अंगी कशी लागते?

पचनेंद्रियांचा पाठ सुरू करण्यापूर्वी शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एक लहानसे काम सांगावे. प्रत्येकाने पाटीवर माणसाची आकृती काढावी आणि सकाळी खाल्लेली भाकरी शरीरात कोठे कोठे गेली ते रेषेने दाखवावे. बहुतेक पाट्यांवर एकच चित्र उमटते : तोंडापासून निघालेली एक नळी आणि तिच्या शेवटी, बेंबीच्या जागी, एक पिशवी. काही मुले दोन नळ्या काढतात, एक भाकरीची व दुसरी पाण्याची. एखादा चुणचुणीत मुलगा पिशवीला खालून वाटही ठेवतो. परंतु त्या पिशवीतून हाताकडे, पायाकडे वा डोक्याकडे जाणारी रेषा सहसा कोणाच्याच पाटीवर नसते. या पाठाचे मर्म त्या न काढलेल्या रेषेत आहे.

अन्न पोटात जाणे आणि अन्न अंगी लागणे हे दोन शब्दप्रयोग आपण वेगवेगळ्या अर्थांनी वापरतो, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही हा भेद अगदी खरा आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग ही शरीरातून आरपार गेलेली एक लांब नळी होय. नळीत असलेले अन्न अद्याप शरीराचे झालेले नसते. रावेर, यावल, चोपडा या भागांतील मुलांनी केळीच्या बागेत ठिबक सिंचनाची नळी पाहिलेली असते. नळीतील पाणी शेतातूनच जात असते, पण ते बाहेर पडून मुळाशी पोहोचेपर्यंत झाडाच्या उपयोगाचे नसते. अन्नाचेही तसेच आहे. ते नळीच्या भिंतीतून पलीकडे रक्तात गेले पाहिजे, आणि त्या भिंतीतून जाण्याइतके बारीक झाले पाहिजे. अन्न बारीक करण्याच्या या सर्व खटाटोपाला पचन म्हणतात.

पाठासाठी खानदेशातले नेहमीचेच ताट घ्यावे : कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि वर एक केळे. कळण्याच्या पिठात ज्वारी व उडीद एकत्र दळलेले असतात. ज्वारीतून मुख्यतः पिष्ट मिळते. उडदातून प्रथिने मिळतात, आणि ज्वारीच्या प्रथिनांत जी उणीव असते ती उडदाच्या प्रथिनांनी बरीचशी भरून निघते. हे गणित मांडून कोणी कळणा दळायला प्रारंभ केला नसेल, पण ज्याने केला त्याचा हिशेब चुकला नाही. भरितातील तेल व शेंगदाणे स्निग्ध पदार्थ पुरवितात. वांग्याची साल, बिया व धान्याचा कोंडा यांत चोथा असतो. पाणी, मीठ आणि जीवनसत्त्वे यांचे कण लहान असल्यामुळे त्यांची फोड करावी लागत नाही. पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ मात्र आहेत त्या रूपात भिंतीपलीकडे जाऊ शकत नाहीत.

पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ही माळ तुटते म्हणजे काय होते हे दाखविण्यास जळगाव जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल. एक हिरवे कच्चे केळे, एक अर्धवट पिकलेले व एक काळे ठिपके पडलेले, अशी तीन केळी आणावीत. त्यांच्या चकत्या कापून प्रत्येकीवर पाण्यात पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. पिष्टाशी आयोडीनचा संयोग झाला की निळा-काळा रंग येतो. कच्ची चकती काळीभोर होईल, मधली थोडी कमी, आणि पूर्ण पिकलेल्या चकतीवर हा रंग जेमतेम दिसेल. झाडावरून हिरवा उतरविलेला घड वखारीत पिकतो तेव्हा त्यातील पिष्टाच्या माळा तुटून साखर होते. केळे गोड लागते ते याच कारणाने. प्रयोगातील चकत्या कोणी खाऊ नयेत, हे बजावण्यास विसरू नये.

फळात ज्या कामाला काही दिवस लागतात त्याचा आरंभ माणसाच्या तोंडात काही क्षणांत होतो. कोरड्या भाकरीचा तुकडा तोंडात ठेवून शंभर आकडे मोजेपर्यंत चावण्यास सांगावे. घरून जेवून आलेल्या मुलांसही तो हळूहळू गोडसर लागू लागेल. लाळेतील टायलिन नावाचे पाचकद्रव्य पिष्टाच्या माळा तोडू लागल्याची ही खूण होय. शिक्षकांस प्रयोग अधिक पक्का करावयाचा असल्यास ज्वारीचे चिमूटभर पीठ पाण्यात शिजवून त्याची पातळ पेज करावी व ती कोमट झाल्यावर दोन वाट्यांत घ्यावी. एका वाटीत शिक्षकांनी स्वतःची थोडी लाळ मिसळावी. अर्ध्या तासाने दोन्हींत आयोडीन टाकले असता लाळेच्या वाटीतला निळा रंग फिका पडलेला वा नाहीसा झालेला दिसेल. पेज गरम असताना लाळ मिसळू नये, कारण कढत पाण्यात पाचकद्रव्याची शक्ती नष्ट होते. प्रयोग फसतो तो बहुधा या घाईमुळे.

लाळ तर नुसत्या शब्दानेही सुटते. वर्गात ‘चिंच’ असे म्हणून पाहावे. पाचकरस सुटण्याच्या या व्यवस्थेवर रशियाचे शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि त्यांस १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

घास गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर एक पडदा मिटतो. बोलत बोलत जेवणाऱ्यास ठसका लागतो तो हा पडदा वेळेवर न मिटल्यामुळे. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास आपल्या भाराने पडत नाही. नळीचे स्नायू त्याच्या मागे आवळत जाऊन त्यास पुढे ढकलतात. वाकून, डोके खाली करून ओहोळाचे पाणी पिणारा गुराखीही पाणी वर जठरात चढवितोच.

जठराची जागा मुलांनी दाखविलेली नसते. ते बेंबीपाशी नसून बरेच वर, डाव्या बाजूस फासळ्यांच्या आश्रयाने असते. तेथे अन्न घुसळले जाते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या साह्याने पेप्सिन हे पाचकद्रव्य उडदाच्या प्रथिनांची फोड सुरू करते. जठराग्नी हा आपला जुना शब्द भुकेच्या व पचनाच्या सामर्थ्याचा द्योतक म्हणून उत्तम आहे, परंतु तेथे काही शिजत असेल अशी समजूत विद्यार्थ्यांची होऊ देऊ नये. जठराची उष्णता शरीराइतकीच, म्हणजे सुमारे ३७ अंश असते. काम होते ते रसांनी.

हे डोळ्यांनी पाहण्याचा योग एका अपघातामुळे आला. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुरास बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरील भोक बुजले नाही. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी १८२५ पासून त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे, भाकरीचे, कोबीचे तुकडे आत सोडले व ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. जठररस काढून त्यांनी तो बाटलीत मांसावर घातला, तेव्हा बाटलीतही मांस विरघळले. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यामुळे निर्विवाद झाले. १८३३ साली बोमाँट यांचे पुस्तक निघाले आणि त्यांचे नाव झाले. तो मजूर मात्र या प्रयोगांना कंटाळून अनेकदा निघून जाई, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

जठर रिकामे झाल्यावरही अधूनमधून त्याच्या व आतड्याच्या भिंती आवळतात आणि आतील हवा व रस हलून आवाज होतो. पोटात कावळे ओरडतात ते हेच.

दोन ते चार तासांत अन्नाचा पातळ लगदा थोडा थोडा लहान आतड्यात उतरतो. नाव लहान असले तरी त्याची लांबी सुमारे सहा मीटर असते. ते रुंदीने लहान म्हणून लहान. सहा मीटर सुतळी मोजून ती मुलांच्या हाती द्यावी व एवढी दोरी पोटात कशी मावत असेल असे विचारावे. वेटोळे हे उत्तर तीच देतील. आरंभीच्या भागात यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. पित्त तेलाची फोड करीत नाही, ते तेलाचे मोठे थेंब मोडून बारीक करते. पेल्यात पाणी व चमचाभर तेल घेऊन ढवळावे. तेल पुन्हा वर येईल. आता त्यात रिठ्याचे पाणी घालून ढवळावे. तेल बारीक थेंबांत विखरून पाणी दुधाळ होईल. पित्ताचे काम असेच आहे. मग स्वादुपिंडाच्या रसातील पाचकद्रव्ये त्या बारीक थेंबांवर, उरलेल्या पिष्टावर आणि प्रथिनांवर काम करून फोड जवळजवळ पुरी करतात. आतड्याच्या भिंतीवरील पाचकद्रव्ये शेवटचा हात फिरवितात.

आता ती भिंत. आतड्याचा आतील पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर घड्या, घड्यांवर बोटांसारखे सूक्ष्म अंकुर, आणि अंकुरांवरील पेशींना त्याहूनही सूक्ष्म रोम असतात. हे सारे पसरले तर किती जागा होईल? स्वीडनमधील दोघा संशोधकांनी २०१४ साली नव्याने मोजणी केली, तेव्हा लहान आतड्याचा पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर भरला. जुन्या पुस्तकांत याच्या कितीतरी पट आकडे आढळतात, ते आता सोडून द्यावेत. सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा वर्गखोलीची जमीन तेवढीच असते. विद्यार्थ्यांस भोवताली पाहण्यास सांगावे : प्रत्येकाच्या पोटात या खोलीच्या जमिनीएवढी भिंत घडी घालून ठेवलेली आहे. मुलांच्या शरीरात ती काहीशी लहान असेल, एवढाच फरक.

या अंकुरांत रक्ताच्या केशवाहिन्या असतात. साखरेचे व प्रथिनांचे बारीक कण त्यांत शिरून प्रथम यकृताकडे जातात. स्निग्ध कण वेगळ्या वाहिन्यांतून थोडा वळसा घेऊन रक्तास मिळतात. मग हृदय ते रक्त हाताकडे, पायाकडे, डोक्याकडे धाडते. येथे पाटीवरची राहिलेली रेषा मुलांकडूनच काढून घ्यावी. भाकरी अंगी लागली ती या ठिकाणी.

चोथ्याची फोड करणारे पाचकद्रव्य माणसाजवळ नाही. दादर ज्वारीचे दाणे घरात येतात व कडबा बैलापुढे जातो याचे कारण हेच. बैलाच्या चार कप्प्यांच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव राहतात व कडबा पचविण्याचे काम तेच करतात. माणसाच्या मोठ्या आतड्यातही सूक्ष्म जीव थोडाबहुत चोथा वापरतात. बाकीचा मळाला आकार देऊन बाहेर पडतो. तो निरुपयोगी नव्हे, त्यावाचून मलावरोध होतो.

मोठ्या आतड्याविषयी पुस्तकात दोन ओळी असतात, पण पाण्याचा हिशेब मुलांस अवश्य सांगावा. मोठ्या माणसाच्या आतड्यांत दिवसभरात आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातील सुमारे दोन लिटर प्यालेला व खाल्लेला, बाकी सर्व लाळ, जठररस, पित्त इत्यादी शरीरानेच ओतलेला. त्यातून मळाबरोबर जातो तो पेलाभर. उरलेला सर्व भिंतीतून परत घेतला जातो, बहुतेक लहान आतड्यात व शेवटचा भाग मोठ्या आतड्यात. अतिसारात ही परतफेड बिघडते. लहान मूल काही तासांतच सुकून जाते, डोळे खोल जातात, लघवी होत नाही. अशा वेळी ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पाणी तोडण्याची जी रीत काही घरांत अजून दिसते तिने मुलाचा जीव धोक्यात येतो.

बिघडलेली भिंतही एक गोष्ट विसरत नाही. साखर व मीठ जोडीने आले तर ती दोघांना आत घेते, आणि त्यांच्यामागे पाणी येते. नुसत्या पाण्याने हे साधत नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात करून नातेवाइकांच्याच हाती दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आपल्याकडे त्यासच जलसंजीवनी म्हणतात. आरोग्य केंद्रातील पुडी एक लिटर पाण्यात विरघळवावी. पुडी जवळ नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून मोजमाप विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून आरोग्य केंद्र दूर असते, आणि घरी लहान भावंडाजवळ त्या वेळी असते ते बहुधा चौथी-पाचवीतले मूल. शौचातून रक्त पडत असेल, मूल पाणीही ठेवीत नसेल किंवा मलूल झाले असेल तर जलसंजीवनी पाजीत पाजीत डॉक्टरांकडे न्यावे.

त्या भिंतीचे आणखी एक शत्रू जंत होत. मोठे जंत लहान आतड्यात राहून मुलाच्या वाट्याचे अन्न खातात. आकडीचे जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शिरून शेवटी भिंतीला चिकटतात व रक्त पितात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी २०१५ पासून शाळांतून दिली जाते. ती शिक्षकांनी आपल्या समोर चावून खाण्यास लावावी.

आतड्याच्या भिंतीवरील पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. अतिसारात खरवडली गेलेली भिंत याच वेगाने पुन्हा उभी राहते, पण त्यासाठी लागणारा माल अन्नातूनच यावा लागतो. म्हणून आजारातही मुलाचे जेवण बंद करू नये. अंगावर पिणाऱ्यास आईचे दूध, मोठ्यास मऊ भात, वरण, आणि वर्गातील प्रयोगात ज्याच्यावर आयोडीनचा रंग उमटला नाही तसले पुरते पिकलेले केळे. अतिसारात शरीरातून जाणारे पोटॅशियम त्यात भरपूर असते.