डब्याच्या सुट्टीतले कोडे

कामगाराची कदर कशी करावी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला निघाला की तो पगार, बोनस आणि बढती या तीन शब्दांवर संपतो. ते योग्यच आहे; पोट रिकामे असताना शाबासकी गोड लागत नाही. परंतु काही कारखान्यांत व कचेऱ्यांत सुट्टीच्या वेळी शब्दकोडी, सुडोकू वगैरे वाटून आपुलकी दाखविण्याची जी पद्धत निघाली आहे, तिचाही विचार व्हायला हवा.

1948 च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली होती. तो अर्धा तास कामगाराचा स्वतःचा, हे त्यामागील तत्त्व. तेव्हा कोडे द्यायचे ते डबा खाऊन झाल्यावर, आणि ज्याला डोळे मिटून पडायचे असेल त्याला खुशाल पडू द्यावे!

माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांच्या कारखान्यात एकदा कामगारांच्या सन्मानार्थ शब्दकोड्याचे छापील कागद वाटले गेले. वर नाव लिहायचे, प्रथम येणाऱ्यास स्टीलचा डबा. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी त्या कागदात तंबाखूची पुडी बांधली. कदर करायला गेले आणि कोण अडाणी ते मोजून आले, असा तो प्रकार झाला. वस्तुतः शब्दकोडे हे वर्तमानपत्राचे अपत्य. 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या एका दैनिकातच छापले गेले. वाचणाऱ्यासाठी निघालेला खेळ न वाचणाऱ्याचा सन्मान कसा करणार?

याउलट आपले वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचे कोडे घ्या. नावेत नावाड्याखेरीज एकच नग मावतो. माणूस जवळ नसला की वाघ शेळीला खातो आणि शेळी गवताला. याच धर्तीचे लांडगा, शेळी आणि कोबीचे कोडे युरोपात हजारांहून अधिक वर्षे सांगितले जात आहे. त्याला कागद लागत नाही की पेन्सिल. तीन खडे आणि जमिनीवर ओढलेली एक रेघ पुरते.

पहिली खेप सर्वांना सुचते : शेळी पलीकडे न्यावी. दुसऱ्या खेपेस वाघ नेला तर तो तिकडे शेळी खाणार, गवत नेले तर शेळी ते फस्त करणार. येथे भलेभले अडतात. कारण एकदा पलीकडे नेलेली वस्तू परत आणणे म्हणजे केलेले काम वाया घालविणे, असे मनाने धरलेले असते. खरी मेख तीच. वाघ सोडून शेळी परत आणायची, तिला अलीकडे ठेवून गवत न्यायचे, आणि रिकाम्या नावेने येऊन शेवटी शेळी न्यायची. एकूण सात फेऱ्या! तुटलेला धागा सांधण्यासाठी माग मागे फिरविणाऱ्या माणसाला ही युक्ती पदवीधरापेक्षा लवकर सुचली, तर मला तरी नवल वाटणार नाही.

अशा कोड्याला गुण नकोत, बक्षीस नको, नावांची यादी तर नकोच. दोघातिघांनी मिळून सोडवावे. उत्तर त्याच दिवशी फोडू नये. घरी जाताना डोक्यात घोळू द्यावे. आणि दुसऱ्या दिवशीचे कोडे कामगारांपैकीच कुणीतरी गावाकडून आठवून आणावे, ते मुकादमाने व मालकाने खाली बसून सर्वांसमक्ष सोडवावे.