गाडीचा दम कुठे गेला?

मोटारसायकलवर लेख लिहायला कला शाखेचा विद्यार्थी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्या गाडीवरच येते.

अण्णा रोज पहाटे दुधाचे दोन कॅन लावून तालुक्याच्या संकलन केंद्रावर जातात. गाडी जुनी स्प्लेंडर, ९७.२ सी.सी.ची. परतताना रिकामी असली की सपाट हमरस्त्यावर ताशी ८० कि.मी. गाठायची. गेल्या पावसाळ्यापासून ती ६५ वर अडू लागली. भरल्या कॅननिशी चढावर तर पाय लावायची वेळ येई. मेकॅनिकने कानोसा घेऊन निकाल दिला, "बोअर मारावं लागंल, पिस्टन नवा." खर्च माझ्या वर्षाच्या फीहून अधिक होता. अण्णा काही बोलले नाहीत. गोठ्यातल्या म्हशीकडे बघत राहिले.

त्याच सुमारास तर्कशास्त्राच्या तासाला मिलची व्यतिरेक पद्धती झाली होती. १८४३ सालच्या ग्रंथात त्याने ती मांडली. बाकी सारे सारखे ठेवावे, एकच गोष्ट वेगळी असावी, आणि मग फरक पाहावा. सुदैवाने चुलतभावाकडे तीच गाडी होती.

आधी थोडा हिशेब. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे ६५ च्या मानाने ८० ला ती पावणेदोनपटीहून अधिक लागते. पंधरा कि.मी.ची घट किरकोळ दिसते, पण शक्तीचा मोठा वाटा हरवलेला असतो. चाकात हवा जराशी कमी असल्याने एवढे होत नाही.

प्रथम काट्यावरच संशय घेतला. दोन्ही गाड्या जोडीने चालवल्या; काटा खरा बोलत होता. मग ४० च्या वेगावर दोघांनी गाड्या न्यूट्रल केल्या. दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी थांबल्या. ब्रेक, बेअरिंग, चेन सारे निर्दोष सुटले. क्लच घसरत असता तर इंजिन नुसतेच ओरडले असते, तेही नव्हते. एअर फिल्टर साफ करून काही फरक पडला नाही. राहता राहिला पिस्टन. पण निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, एका किकमध्ये गाडी सुरू होते, ५० पर्यंत छान पळते. इंजिन आजारी असेल तर ते फक्त ६५ लाच आजारी कसे?

शेवटी गाडी बंद ठेवून फिल्टरची नळी काढली, कारब्युरेटरच्या तोंडात बॅटरीचा उजेड धरला आणि बहिणीला मूठ पिळायला सांगितली. मूठ पूर्ण फिरली. आतली सरकती झडप मात्र अर्ध्यावरच थांबली!

ती मूठ मीच बसवली होती. पावसाळ्यात चिखलात पडलो तेव्हा जुनी फुटली, आणि अण्णांना कळू नये म्हणून मिळेल ती स्वस्तातली आणली. दुसऱ्याच गाडीची. तिची तार गुंडाळणारी चाकी लहान, त्यामुळे पूर्ण पिळूनही तार कमी ओढली जाई.

योग्य मूठ दीडशे रुपयांत मिळाली. पडल्याचेही सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी अण्णा परतले ते हसतच. "ऐंशी दावला काटा," म्हणाले, "पर एवढं हुडकायला कालिजात जावं लागतं व्हय रं?"