संमेलनाचा मांडव आणि न झालेले भाषण

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. पहिले १९७३ साली, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली. दुसरे ११ ते १३ जानेवारी २०१९ या तीन दिवसांत, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. हे दुसरे संमेलन एकूण क्रमाने ब्याण्णवावे. ग्रंथदिंडी निघाली, परिसंवाद झाले, पुस्तके विकली गेली, कवींनी कविता वाचल्या. तरी हे संमेलन लोकांच्या लक्षात राहिले ते तिथे न झालेल्या एका भाषणामुळे. उद्घाटनासाठी बोलावलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण संमेलन तोंडावर आले असताना मागे घेण्यात आले.

त्या आठवड्यात भरपूर लिहिले-बोलले गेले. पण कोण चुकले एवढ्यावरच चर्चा थांबली, की संस्थेचा अभ्यास राहून जातो. संमेलन ही संस्था कशी चालते, तिच्यात शब्द कुणाचा चालतो आणि धमकी आली की ती कुठे वाकते, हे यवतमाळात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

जुनी संस्था, जुना प्रश्न

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसरी १८८५ साली, तीही पुण्यातच. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. माणसाचे हक्क ज्यांना मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभेत आम्ही काय म्हणून मिसळावे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. हे तेच फुले, ज्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मोकळे करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. अमेरिकेच्या राजकीय मूल्यांची दखल मराठी साहित्याने अशी फार लवकर घेतली. आणि संमेलनाच्या व्यासपीठावर कुणाचा अधिकार, हा प्रश्न या संस्थेच्या दुसऱ्याच सभेपासून तिच्या सोबत आहे.

आज संमेलनाची सूत्रे अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाकडे आहेत. महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या त्याच्या चार मुख्य घटक संस्था. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. यवतमाळच्या वेळी ते विदर्भ साहित्य संघाकडे, म्हणजे नागपुरात होते आणि श्रीपाद भालचंद्र जोशी महामंडळाचे अध्यक्ष होते.

प्रत्यक्ष मांडव उभारते ती स्थानिक निमंत्रक संस्था. यवतमाळात हा मान डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाने चालणाऱ्या वाचनालय व संशोधन केंद्राकडे होता. कोलते महानुभाव साहित्याचे मोठे अभ्यासक, १९६७ च्या भोपाळ संमेलनाचे अध्यक्ष. निमंत्रक संस्था स्वागत समिती नेमते, निधी उभा करते, राहण्याजेवणाची व्यवस्था पाहते. स्वागताध्यक्षपद बहुतेक वेळा एखाद्या वजनदार राजकीय नेत्याकडे जाते; यवतमाळात ते जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांकडे होते. राज्य सरकार अनुदान देते. ते २५ लाखांवरून ५० लाख करण्याची घोषणा आदल्या वर्षी, २०१८ च्या बडोदा संमेलनात झाली होती.

ही रचना नीट पाहिली की एक गोष्ट कळते. साहित्याचा निर्णय महामंडळाचा, पण मांडवाची, पैशाची आणि सुरक्षेची चिंता स्थानिक समितीची. शांततेच्या दिवसांत ही वाटणी सोयीची आहे. धमकीच्या दिवशी मात्र पाहुण्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी नेमकी कुणाची, हेच कळेनासे होते.

यवतमाळात काय घडले

सहगल यांना बोलावण्यामागे विचार होता. त्या तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या. ‘रिच लाइक अस’ या कादंबरीसाठी मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये परत केला होता. त्याआधीच्या दोन-अडीच वर्षांत पुण्यात नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी या विचारवंतांच्या हत्या झाल्या होत्या; पुरस्कार परत करणे हा त्यांचाही निषेध होता. सहगल यांचे शिक्षण अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजात झाले. पंडित नेहरू त्यांचे मामा. तरी मामेबहीण इंदिरा गांधी यांनी आणीबाणी आणली तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. सत्ता घरची असो की परक्यांची, त्यांचा निकष बदलला नाही. मराठीशीही त्यांचे नाते आहे. वडील रणजित सीताराम पंडित मराठी घराण्यातले, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतरकार. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९४४ साली ते वारले.

उद्घाटन इंग्रजी लेखिकेच्या हातून कशाला, असा आक्षेप महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या (मनसे) स्थानिक नेत्यांनी घेतला आणि कार्यक्रम होऊ न देण्याचा इशारा दिला. शांतता-सुव्यवस्थेचे कारण सांगून ६ जानेवारीला निमंत्रण मागे घेतले गेले. लगेच मनसेचे प्रमुख राज ठाकरे यांनी आपला विरोध नसल्याचे जाहीर केले. तोवर बाण सुटला होता. अनेक निमंत्रित लेखक-कवींनी यवतमाळला जायला नकार दिला. श्रीपाद जोशी यांनी महामंडळाचे अध्यक्षपद सोडले आणि विद्या देवधर यांच्याकडे सूत्रे आली. दरम्यान सहगल यांचे भाषण मराठीतून आणि इंग्रजीतून सगळीकडे पोहोचले. मांडवात ऐकले असते त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते वाचले. जानेवारी संपण्याआधी मुंबईत दादरला लेखक-कलावंतांनी त्यांना सन्मानाने बोलावले आणि त्या बोलल्या.

यवतमाळच्या मंचानेही मौन पाळले नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी झाल्या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. अरुणा ढेरे यांनीही निमंत्रण मागे घेणे चुकीचे होते हे अध्यक्षपदावरून सांगितले. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष यांच्यानंतरच्या त्या पाचव्या महिला अध्यक्ष. निवडणुकीऐवजी एकमताने निवड करण्याच्या नव्या पद्धतीतल्या पहिल्या.

उद्घाटन अखेर केले वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या शेतकरी महिलेच्या पतीने आत्महत्या केली होती. अंगणवाडीत काम करत त्यांनी संसार सावरला आणि श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकात भूमिकाही केली. कापसाच्या या जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९८६ साली कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हापासून शेतकऱ्यांचे मरण हा इथला रोजचा विषय आहे. त्या मरणामागे उरलेली बाई साहित्याच्या सर्वांत मोठ्या मंचावर उभी राहिली आणि विधवांच्या वाट्याला काय येते ते बोलली. तो मान त्यांचा स्वतःचा होता. तो कुणाच्या रिकाम्या खुर्चीवर मिळायला नको होता. सहगल आणि येडे दोघी एकाच मंचावर असत्या तर यवतमाळचे उद्घाटन मराठी साहित्याला भूषण ठरले असते.

अमेरिकेतला एक कापूसपट्टा

अशाच मातीतले एक उदाहरण अमेरिकेत आहे. १९३९ साली जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी आली. दुष्काळ, धुळीची वादळे आणि कर्ज यांनी ओक्लाहोमातली जमीन सुटलेले एक कुटुंब कॅलिफोर्नियात मजुरीला जाते, फळबागांत आणि कापसाच्या शेतांत राबते, अशी तिची गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या केर्न काउंटीत ही माणसे मोठ्या संख्येने आली होती. तिथल्या कारभारी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कादंबरी सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि शाळांतून काढायला लावली. तिथल्या मुख्य ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी नोकरीची पर्वा न करता मंडळाला पत्र लिहून विरोध नोंदवला. बंदी १९४१ च्या सुरुवातीला उठली.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ ची. अभिव्यक्तीवर गदा आणणारा कायदा संसदेने करू नये, असे ती बजावते. ती असूनही दीडशे वर्षांनी एक काउंटी पुस्तकावर बंदी घालू शकली. म्हणजे घटनेतले कलम पुरेसे नसते. ते आपल्या रोजच्या नियमांत उतरवणारी संस्था लागते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने हे केले. १९३९ सालीच तिने ग्रंथालयांसाठी हक्कांची सनद मंजूर केली. लेखकाच्या वंशामुळे, राष्ट्रीयत्वामुळे किंवा मतांमुळे पुस्तक नाकारायचे नाही, हा तिचा गाभा. तिथे आजही शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तके काढण्याची मोहीम चालते. पण दबाव आला की ग्रंथपालाच्या हातात दाखवायला एक कागद असतो.

आपल्या घटनेने कलम १९ मध्ये हे स्वातंत्र्य दिले आणि वाजवी निर्बंधांची सोयही ठेवली. मसुद्यातल्या निर्बंधांवर टीका झाली तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाचा दाखला देऊन सांगितले की अमेरिकेतही हे हक्क निरपवाद नाहीत. पण निर्बंध घालायचा तो कायद्याने, गर्दीच्या मर्जीने नव्हे. एस. रंगराजन खटल्यात १९८९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. एका तमिळ चित्रपटाचा तो खटला. निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब चालणार नाही, असा तो निकाल. यवतमाळात सुव्यवस्थेचे कारण पुढे झाले तेव्हा हा निकाल जवळजवळ तीस वर्षांचा झाला होता. संरक्षण मागायचे होते. निमंत्रण मागे घेतले गेले.

कराड, महाबळेश्वर, यवतमाळ

आणीबाणी असताना १९७५ साली कराडचे संमेलन झाले. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गा भागवत. सरकारचा मंत्री समोर असताना दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि पुढे तुरुंगवास पत्करला. संमेलनाने त्या दिवशी मान ताठ ठेवली. महाबळेश्वरला २००९ साली ती ठेवता आली नाही. आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वारकऱ्यांचा रोष झाला, निवडून आलेल्या यादवांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. दहा वर्षांनी यवतमाळात तेच घडले. कराडला एका बाईचे धैर्य होते, म्हणून संस्था वाचली. दर वेळी कुणीतरी दुर्गाबाई निघेल या आशेवर इतकी जुनी संस्था चालवता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला धैर्य नवे नाही. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे १९२८ च्या ग्वाल्हेर संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या सरकारी जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. लेखणी आणि नागरिकाचे कर्तव्य यांत त्यांनी अंतर मानले नाही.

महामंडळाने आपल्या घटनेत एक कलम घालावे. संमेलनाचे निमंत्रण एकदा दिले की धमकीमुळे ते मागे घेतले जाणार नाही. निमंत्रण रद्द करण्याचा अधिकार स्थानिक समितीला नसेल. धोका वाटल्यास महामंडळाने लेखी संरक्षण मागावे आणि सरकारचे उत्तर जाहीर करावे. आणि पाहुणा न येता संमेलन झालेच, तर त्याचे लेखी भाषण मंचावरून वाचले जावे. यासाठी पैसा लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. चार घटक संस्थांचा एक ठराव पुरेसा आहे. तुमच्या गावात या संस्थांची शाखा असेल तर तिचे सभासद व्हा आणि हा ठराव मांडा.