बेघरांचे घर आणि बाजारपेठेची पत

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आमच्या बोरीसारख्या बाजाराच्या गावी बेघरांचा विषय निघाला, की हा मुंबई-पुण्याच्या पदपथांवरचा प्रश्न आहे, खेड्यात प्रत्येकाला कुठे ना कुठे चार भिंती असतातच, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री प्रगणकांनी उघड्यावर, पुलाखाली, देवळांच्या मंडपांत, रेल्वेच्या फलाटांवर आणि सिमेंटच्या मोठ्या नळांत झोपणाऱ्यांची जी मोजदाद केली, तीत देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे आढळली, आणि त्यांपैकी सुमारे ८ लाख ३५ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, ग्रामीण भागातील होती. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांहून अधिक होता. तेव्हा बेघरी ही शहराची मिरासदारी आहे, हा समज प्रथम सोडून द्यावा लागतो.

दुसरा समज व्यापारीवर्गात विशेष रूढ आहे. घरे देणे हे सरकारचे काम, आणि मदत करावयाची असेल तर ती मोठमोठ्या कंपन्यांनी करावी. किराणा, भुसार, सिमेंट-पत्र्याची दुकाने चालविणाऱ्यांचा तेथे काय संबंध, असे विचारले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये सामाजिक कार्यासाठी नफ्याचा दोन टक्के भाग खर्च करण्याचे बंधन ज्या कंपन्यांवर आहे, त्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असावा लागतो, हे खरे. आमच्या पेठेतील कोणीही त्या कक्षेत येण्याचा संभव नाही, हेही खरे. परंतु कायद्याने बांधलेला नाही म्हणून दुकानदाराच्या हाती काहीच नाही, असा जो निष्कर्ष यावरून काढला जातो, तो मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पाहण्यासाठी घरकुलाचा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो, ते जवळून पाहिले पाहिजे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात, जो २०१६ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये, अशी तजवीज आहे. रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते, पण एकरकमी होत नाही. जोते झाले, भिंती चढल्या, छत पडले, अशा प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घेऊन तपासणी होते आणि मगच पुढचा हप्ता सुटतो. ज्याच्या गाठी चार पैसे आहेत, त्यास ही रीत जाचत नाही. परंतु जो काल परवापर्यंत दुसऱ्याच्या गोठ्याच्या आडोशाला किंवा गावाबाहेर पालात राहत होता, त्याने पुढचा हप्ता मिळविण्यासाठी आधी भिंत उभी करावयाची, आणि भिंतीसाठी लागणारे सिमेंट, विटा, सळई आणि गवंड्याची मजुरी कोठून आणावयाची? जोत्यापर्यंत येऊन थांबलेली, सळया गंजत चाललेली, कोपऱ्यात ताडपत्री बांधून तिच्याखाली चूल मांडलेली अशी घरकुले मराठवाड्यातील गावोगावी दिसतात. आणि पाहणारा ‘अनुदान खाऊन टाकले’ असे म्हणून पुढे जातो. वास्तविक तेथे पुष्कळदा दोन हप्त्यांमधले अंतर ओलांडण्याइतकी पत नसते, एवढेच घडलेले असते.

ही पत सरकार देऊ शकत नाही; ती पेठ देऊ शकते. वीस-पंचवीस पोती सिमेंट महिनाभराच्या उधारीवर सोडणारा दुकानदार, वीट भट्टीवरून उचलू देणारा मालक, आणि ‘हप्ता आल्यावर द्या’ असे म्हणणारा गवंडी, हे तिघे मिळून एका कुटुंबाला पावसाळ्याच्या आत छपराखाली आणू शकतात. महाराष्ट्र शासनाने २० नोव्हेंबर २०२० रोजी आरंभिलेल्या महा आवास अभियानात हीच गोष्ट ओळखून महिला बचत गटांकरवी ‘घरकुल मार्ट’ चालविण्याची कल्पना मांडली, जेणेकरून बांधकामाचे सर्व साहित्य एके ठिकाणी व रास्त भावाने मिळावे. गवंड्यांच्या प्रशिक्षणाचाही त्यात समावेश होता. पुढे २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्यास पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे ठरले. मात्र ती वाळू दारापर्यंत आणणारा ट्रॅक्टर गावातीलच कोणाचा तरी असणार, आणि त्याचे भाडे काय असावे हे तोच ठरविणार.

उधारी बुडेल, ही भीती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मंजूर लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत पाहावयास मिळते, कोणाचा कोणता हप्ता बाकी आहे हे ग्रामसेवकाकडे समजते. धान्याच्या उधारीपेक्षा ही उधारी कितीतरी अधिक डोळस आहे. मात्र येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. हप्त्याच्या भरवशावर माल देताना लाभार्थ्याचे पासबुक व एटीएम कार्ड स्वतःच्या गल्ल्यात ठेवून घेणे आणि पोत्यामागे वाढीव दर लावणे, याला साहाय्य म्हणत नाहीत. त्याला सावकारी म्हणतात, आणि परवान्यावाचून सावकारी करण्यास राज्यात कायद्याने बंदी आहे.

तिसरा गैरसमज दुकानाच्या ओट्याशी निगडित आहे. एखाद्यास मागची खोली राहावयास दिली किंवा ओट्यावर झोपू दिले, तर उद्या तो मालकी सांगेल, अशी धास्ती अनेक सज्जनांनाही वाटते, आणि तिच्यापायी रिकाम्या खोल्यांना वर्षानुवर्षे कुलपे राहतात. वस्तुस्थिती अशी, की प्रतिकूल कब्जाने मालकी मागण्यासाठी मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि सलग बारा वर्षे वहिवाट असल्याचे सिद्ध करावे लागते. मालकाच्या अनुमतीने राहणाऱ्याचा कब्जा कितीही लांबला तरी केवळ तेवढ्याने तो प्रतिकूल होत नाही. खोली रीतसर द्यावयाची असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लेखी व नोंदणीकृत करार करावा. त्यात दोघांचेही रक्षण आहे, आणि राहणाऱ्याच्या हाती पत्त्याचा एक दस्तऐवज येतो, हा लाभ वेगळाच.

मात्र पत्ता नाही म्हणजे हक्क नाही, हाही एक भ्रमच आहे. मतदारयादीत नाव घालण्यासाठी बेघर नागरिकाकडे पत्त्याचा दाखला मागू नये, तर नोंदणी अधिकाऱ्याने रात्री प्रत्यक्ष जाऊन तो मनुष्य सांगितलेल्या ठिकाणी झोपतो की नाही याची खात्री करावी, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. अशा वेळी ‘होय, हा माझ्याच ओट्यावर झोपतो’ एवढे शब्द दुकानदाराने न कचरता उच्चारले, तर कितीतरी काम सुकर होते. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा-खरेदी साहाय्य योजना आहे. पण अर्ज भरून देणारा, तहसीलच्या खेपांत सोबत येणारा कोणी ओळखीचा नसल्याने ती अनेकांपर्यंत पोहोचत नाही.

बेघर मनुष्य आळशी, व्यसनी अथवा वेडा असतो, त्याला घर देऊन उपयोग नाही, हा समज सर्वांत निष्ठुर. १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था काढणारे डॉ. भरत वाटवानी यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर कर्जतच्या केंद्रात उपचार करून हजारोंना त्यांच्या घरी पोहोचविले. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कार्यासाठी मिळाला. आधी सुधार, मग घर देऊ, हा क्रमही तपासून पाहण्याजोगा आहे. फिनलंडने २००८ पासून नेमका उलटा क्रम धरला, आधी घर आणि मग उपचार व काम, आणि तेथील बेघरांची संख्या घटत गेली. तेथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या वाय-फाउंडेशन या गृहसंस्थेच्या संस्थापकांत नगरपालिका व चर्च यांच्या जोडीला बांधकाम उद्योगाची संघटनाही होती.

व्यापाऱ्यांचा असा सहभाग आपल्याकडेही परका नाही. गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी आणि देहू येथे ज्या धर्मशाळा उभारल्या, त्या व्यापाऱ्यांच्या व सामान्य जनांच्या देणग्यांतूनच उभ्या राहिल्या. स्वतःच्या नावावर त्यांनी काही ठेवले नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपविली.

म्हणून बोरीच्या आणि आसपासच्या व्यापारी बंधूंना माझी विनंती एवढीच, की मृगापूर्वी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन अपुऱ्या घरकुलांची यादी मागून घ्यावी, पाच-सात दुकानदारांनी आपसांत नावे वाटून घ्यावीत, रोखीच्याच भावाने हप्त्यापर्यंत माल द्यावा, आणि वहीत लिहिलेल्या प्रत्येक पोत्याची पावती त्या घरच्या बाईच्या हाती ठेवावी.