विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप

साधारण २००६ नंतरची सात-आठ वर्षे आठवून पाहा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव. गाव कोणतेही घ्या, बसस्थानकाच्या आसपास मोबाइल रिचार्जचे एक अरुंद दुकान असायचेच. आत एक संगणक, शेजारी कार्ड रीडर आणि काचेवर चिकटवलेला कागद: ‘येथे मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. दहा-वीस रुपये दिले की भीमगीते, विठ्ठलाची भक्तिगीते, वरातीतली नाचाची गाणी आणि त्या आठवड्यात लागलेल्या चित्रपटाची गाणी असा सगळा ऐवज बोटाच्या नखाएवढ्या कार्डात यायचा. ही सगळी नक्कल बेकायदा होती. पण ते गाणे कोणत्याही फोनवर वाजायचे, ब्लूटूथने मित्राला जायचे, फोन बदलला तरी कार्डासोबत पुढच्या फोनात यायचे.

त्याच काळात एखाद्याने मोबाइल कंपनीच्या सेवेतून रीतसर पैसे मोजून गाणे किंवा रिंगटोन घेतली, तर काय होई? फाइल फोनमध्ये उतरे, वाजेही. पण मित्राला पाठवायला गेले की ती ‘संरक्षित’ असल्याचा संदेश येई. फोन बिघडला की गाणेही गेले. ओपन मोबाइल अलायन्स या उद्योगसंघटनेने ठरवलेल्या मानकातली ही युक्ती होती. तिचे नाव ‘फॉरवर्ड लॉक’: आलेली फाइल त्या फोनमधून पुढे जाऊ द्यायची नाही. म्हणजे चोरीचा माल मोकळा आणि विकतचा माल कुलूपबंद. गेल्या पंचवीस वर्षांत संगीत कंपन्या आणि त्यांचे ग्राहक यांच्यात जो झगडा झाला त्याचे सार या उफराट्या व्यवहारात आहे. त्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेत घडले. पण प्रश्न आपल्याही दारातला आहे.

आधी कुलपाची गरज का पडली ते पाहू. कॅसेटच्या काळात नक्कल होत होतीच. डबल कॅसेटचा टेपरेकॉर्डर घरी असला की अख्खी आळी त्यावर कॅसेटी भरून घेई. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे दात असत. ते मोडले की तिच्यावर नवे रेकॉर्डिंग होत नसे. विकतच्या कॅसेटचे दात आधीच मोडलेले असत आणि त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की काम भागे. कंपन्यांनी हे सहन केले, कारण नकलेची नक्कल काढत गेले की आवाज दर पिढीला खरखरीत होत जाई. बिघाड हाच तेव्हाचा पहारेकरी होता.

सीडीने हा पहारेकरी हटवला. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सीडीचे जे मानक ठरवले, त्याला त्याच्या मुखपृष्ठावरून ‘रेड बुक’ म्हणतात. त्यात कुलपाची सोयच नव्हती. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा एका चकतीवरची सहाशे-सातशे मेगाबाइट माहिती घरगुती संगणक उतरवून घेईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पुढे नव्वदीच्या दशकात एमपीथ्रीने त्या माहितीचा आकार दहा-अकरापट कमी केला, इंटरनेट आले, आणि हजारावी नक्कलही पहिल्या प्रतीसारखीच वाजू लागली.

आता अडचण अशी, की मानकातच कुलूप नसेल तर ते बसवायला मानक मोडावे लागते. २००१-०२ च्या सुमारास कंपन्यांनी तेच केले. चकतीवर मुद्दाम चुकीची माहिती पेरायची; साधा प्लेअर ती दुरुस्त करून पुढे जाईल, पण संगणक अडखळेल, असा हिशेब. हिशेब चुकला. मोटारीतले अनेक प्लेअर आतून संगणकाच्याच ड्राइव्हसारखे बनवलेले होते, तेही अडखळले. नव्या कोऱ्या, पैसे मोजून आणलेल्या चकत्या गाडीत वाजेनात. युरोपात २००२ मध्ये सेलीन डिऑन या गायिकेची अशी एक सीडी आली. तिच्या बाहेरच्या कडेला फसवी माहिती होती. त्या कडेवर साध्या मार्कर पेनने काळी रेघ ओढली की कुलूप निकामी होते, हे लोकांनी शोधून काढले. अशा चकत्या मानक पाळत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’चे बोधचिन्ह छापू नये, अशी भूमिका खुद्द फिलिप्सने घेतली.

चकती बिघडवून भागत नाही म्हटल्यावर मोर्चा वळला तो ग्राहकाच्या संगणकाकडे. सीडी घातली की विंडोज त्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू करत असे. त्या वाटेने एक पहारेकरी प्रोग्राम संगणकात उतरवायचा, तोच मग नक्कल अडवील, ही नवी कल्पना. २००३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिले, की सीडी घालताना कीबोर्डवरचे शिफ्ट बटण दाबून धरले तर हा पहारेकरी उतरतच नाही. तो बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यावर खटल्याची धमकी दिली आणि हसे झाल्यावर मागे घेतली. शिफ्ट बटण दाबणे हा गुन्हा ठरवणे कोणत्याही कोर्टात जरा जडच गेले असते.

यानंतरचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने जाहीर केले, की त्यांच्या स्वतःच्या संगणकात एक लपलेला प्रोग्राम सापडला आहे आणि तो सोनी बीएमजीच्या, व्हॅन झँट बंधूंच्या गाण्यांच्या विकत घेतलेल्या सीडीतून आला आहे. फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने बनवलेल्या या यंत्रणेचे नाव एक्ससीपी. ती विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून बसे आणि डॉलरचे चिन्ह, ‘सिस’ ही अक्षरे व पुन्हा डॉलरचे चिन्ह अशी ज्या फाइलच्या नावाची सुरुवात असेल, ती प्रत्येक फाइल संगणकाच्या मालकापासूनच लपवून ठेवी. अशा लपवणाऱ्या प्रोग्रामला ‘रूटकिट’ म्हणतात. तोवर हे हत्यार संगणकात घुसखोरी करणाऱ्यांचे म्हणून ओळखले जाई. ग्राहकाने ज्या अटींना ‘मान्य’ म्हटले होते, त्यांत या लपवाछपवीचा उल्लेख नव्हता. काढून टाकण्याची सोय नव्हती, आणि कुणी हाताने फाइली उपटल्या तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई.

खरा धोका यापुढचा. एक्ससीपी स्वतःच्याच फाइली लपवत नसे. त्या नावाने सुरू होणारी कुणाचीही फाइल लपवत असे. घराला मालकाच्या नकळत चोरकप्पा करून ठेवला की तो कोण वापरील याचा नेम नसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच त्याच आडोशाने लपणारे विषाणू प्रोग्राम फिरू लागले. सोनी बीएमजीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रेडिओवरील मुलाखतीत, बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच माहीत नाही तर त्याची चिंता त्यांनी का करावी, अशा आशयाचा सवाल केला. आगीत तेल ते हेच. यंत्रणा काढून टाकण्यासाठी कंपनीने जो उपाय दिला, त्यानेही संगणकात नवे भगदाड पडत असल्याचे संशोधकांनी दाखवले. आणखी एक भूषण म्हणजे, कॉपीराइटच्या रक्षणासाठी बनवलेल्या या प्रोग्राममध्ये इतरांनी खुल्या परवान्याखाली लिहिलेला कोड त्या परवान्याच्या अटी न पाळता वापरल्याचे उघड झाले.

नोव्हेंबरच्या मध्यावर कंपनीने चकत्या परत मागवल्या. बावन्न शीर्षके, बाजारात पाठवलेल्या सुमारे ४७ लाख चकत्या, त्यांतल्या सुमारे २१ लाख विकल्या गेलेल्या. टेक्सास राज्याने खटला भरला, ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. २००६ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत ग्राहकांना कुलूप नसलेली सीडी आणि सोबत रोख रक्कम किंवा फुकट गाणी मिळाली. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात संगणक दुरुस्तीसाठी दीडशे डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. ग्राहक चिडला तो गाण्याची नक्कल काढता आली नाही म्हणून नव्हे. माझ्या घरात मला न विचारता कुणी शिरले, याचा तो संताप होता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच विकतच्या गाण्यावरची कुलपे गळून पडली. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ यांनी जाहीर पत्र लिहून कुलपे काढण्याची बाजू मांडली (त्यांच्याच दुकानातले गाणे तोवर कुलूपबंद होते, हेही लक्षात ठेवावे); एप्रिलमध्ये ईएमआय राजी झाली, सोनी बीएमजी २००८ च्या आरंभी, आणि २००९ मध्ये ॲपलचे संपूर्ण दुकान मोकळे झाले.

आपल्याकडे असा उठाव झाला नाही, कारण कुलूपबंद सीडीचा ग्राहकच थोडा होता. मराठवाड्यातले घर कॅसेटवरून थेट मेमरी कार्डावर आले. संताप झाला तो कॉलरट्यूनवरून: न मागता सुरू झालेली ट्यून आणि शिल्लक रकमेतून कापले गेलेले पैसे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला २०१३ मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाचा दोनदा होकार घेणे सक्तीचे करावे लागले. पायरसीला सर्वांत शहाणे उत्तर मात्र कुलपाचे नव्हते, किमतीचे होते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा रस्त्यावरच्या नकली चकतीत फारसा फायदा उरला नाही. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान उघडले. तिथली एमपीथ्री गाणी कुलपाविना मिळत. जून २०१३ मध्ये ते बंद झाले. पण ज्यांनी गाणी उतरवून घेतली होती त्यांची गाणी आजही वाजतात. कुलूप नसण्याचा अर्थ दुकान मिटल्यावर कळतो.

याच दरम्यान आपला कायदा बदलला, आणि हा भाग वाचकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आले. त्यानुसार तांत्रिक कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण त्यात एक मोलाची अट आहे: कुलूप मोडण्यामागे हक्कभंग करण्याचा उद्देश असला पाहिजे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप मोडणे हेच मुळात निषिद्ध आहे, मग हेतू काही असो, सवलती मोजक्या. आपल्याकडे कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर गुन्हा नाही. त्याच दुरुस्तीने कलम ५२ मधली खासगी वापराची मुभा संगणक प्रोग्राम वगळून सर्व कृतींना लागू केली. ध्वनिमुद्रणे आधी तिच्यात नव्हती. म्हणून स्वतःच्या सीडीवरचे गाणे स्वतःच्या ऐकण्यासाठी फोनमध्ये घेणे आणि तेच गाणे शंभर जणांच्या कार्डात भरून विकणे, या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत वेगळ्या आहेत.

या कलमात एक गमतीदार पोटकलमही आहे. दुसऱ्याला असे कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. बसस्थानकाजवळच्या त्या दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाची अशी वही भरली असती, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

कुलपाची आणखी एक खोट कायद्याच्या मुदतीत आहे. नरसी नामदेव हे याच जिल्ह्यातले. संत नामदेवांची पदे तोंडी आणि वहीतून पंजाबपर्यंत गेली. त्यांतली ६१ गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्यांच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण ते अभंग एखाद्या गायकाने ध्वनिमुद्रित केले तर त्या मुद्रणावर प्रकाशनापासून साठ वर्षे हक्क असतो. १९६४ मध्ये निघालेल्या मुद्रणावरचा हा हक्क २०२४ अखेर संपला. चाल नवी असेल तर संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वेगळा चालू राहतो. हे कायद्याचे कुलूप ठरल्या तारखेला उघडते. तांत्रिक कुलपाला तारीख नसते. हक्क संपला तरी ते बंदच, आणि किल्ली ठेवणारी कंपनी तोवर असेलच असे नाही.

आज कुलूप डोळ्यांना दिसत नाही, कारण आपण गाणे विकत घेणेच सोडले. ॲपवर ‘डाउनलोड’ म्हणून जे मिळते ते त्या ॲपबाहेर वाजत नाही. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायची तर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते. मार्च २०२४ मध्ये करार न जुळल्याने झी म्युझिकची गाणी तिथून नाहीशी झाली. ज्यांनी यादी लावून ठेवली होती त्यांच्या याद्यांना भोके पडली. ‘रेसो’ने ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतातला गाशा गुंडाळला, ‘विंक’ बंद करत असल्याचे एअरटेलने त्याच वर्षी जाहीर केले. सोनीच्या चकतीने संगणकात घुसून जे साधले नाही, ते आता महिन्याच्या वर्गणीत निमूट साधते, आणि त्यावर कुणी खटला भरत नाही. भाड्याने घेतोय हे ठाऊक असेल तर तक्रार नाही. पण ‘डाउनलोड’ हा शब्द वापरून भाडे घेणे मला तरी प्रामाणिक वाटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित करार या दोन्हींच्या व्याख्या आहेत, त्यांचा उपयोग इथे व्हायला जागा आहे. अशा तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही पडत नाही.

गंमत अशी, की सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा डबा आणला, तो घरोघरच्या वडीलधाऱ्यांना आवडला. त्यातली गाणीही बाहेर काढता येत नाहीत. तरी त्याच्यावर राग निघाला नाही. डबा घेताना तो डबा आहे हे कळत होते, इंटरनेट लागत नव्हते, आणि कंपनीने उद्या मन बदलले तरी आतली गाणी कुणी परत नेणार नव्हते.