तांबे रॉकेलमध्ये कसे जाते?

परीक्षानळीत मोरचुदाचे निळे द्रावण घ्या, त्यावर थोडे रॉकेल ओता आणि बूच लावून जोराने हलवा (जवळ पेटता दिवा नको). थोड्या वेळाने दोन थर वेगळे होतात, पण निळा रंग पाण्यातच राहतो. पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या, विद्युतभारित आयनाला रॉकेलात थारा नाही.

मग त्याला तिकडे न्यायचे कसे? हायड्रॉक्सिऑक्झाइम या सेंद्रिय संयुगांच्या रेणूला हायड्रोकार्बनची लांब शेपटी असते, म्हणून ती रॉकेलात विरघळतात. असे दोन रेणू आपापला एकेक हायड्रोजन आयन पाण्यात सोडतात आणि तांब्याचा एक आयन दोन्ही बाजूंनी पकडतात. भार संपला, की ही जोडगोळी तांब्यासह रॉकेलात जाते. पाण्यातले लोह मात्र बहुतांशी मागेच राहते.

हा खटाटोप कशासाठी? ज्या धातुकात तांबे जेमतेम अर्धा टक्का आहे, ते भट्टीत घालणे परवडत नाही. त्याच्या ढिगावर सौम्य गंधकाम्ल शिंपडले, तर लिटरमागे काही ग्रॅम तांबे असलेले द्रावण झिरपते. पूर्वी त्यात भंगार लोखंड टाकत. तांबे मिळे, पण अशुद्ध, आणि लोखंड खर्ची पडे. १९६८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील ब्लूबर्ड खाणीवर द्रावक निष्कर्षणाचा पहिला व्यापारी कारखाना सुरू झाला.

रॉकेलातले तांबे परत कसे काढायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. उत्तर ल शातेलिए यांच्या तत्त्वात आहे. तांबे पकडताना हायड्रोजन आयन सुटतात. तेव्हा हेच रॉकेल तीव्र आम्लाबरोबर घुसळले, की अभिक्रिया उलटी फिरते. तांबे आम्लात उतरते आणि रिकामे झालेले रॉकेल पुन्हा कामाला लागते. समतोल शिकवताना आपण दरवेळी अमोनियाच सांगतो; आम्हाला हे उदाहरण अधिक बोलके वाटते.

शेवटी विद्युत अपघटनाने ऋणाग्रावर ९९.९९ टक्के शुद्ध तांबे जमते. धनाग्रावर पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो आणि खर्च झालेले आम्ल पुन्हा तयार होते. ते रॉकेल धुण्यासाठी वापरतात. पहिल्या टप्प्यात सुटलेले आम्ल ढिगाकडे परत जाते.

मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. मध्य प्रदेशातील मलाजखंडचे धातुक मुख्यतः चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे व लोह यांचे सल्फाइड आहे. सौम्य आम्लात ते फार सावकाश विरघळते. आधी तांबे पाण्यात उतरलेच नाही, तर रॉकेल काय करणार?