कुत्रा गेल्यावर लोक जे सांगतात

“कुत्रंच होतं ना, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” घरातला कुत्रा गेला की पहिल्याच दिवशी हे ऐकावं लागतं. बोलणारा बहुधा दुष्ट नसतो. जनावरासाठी शोक करणं हे फ्लॅटमधल्या लोकांचं नवं खूळ आहे, असं त्याला मनापासून वाटत असतं. खरं तर या शोकाइतकं जुनं दुसरं फार थोडं असेल. जर्मनीत बॉन शहरातल्या ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या सांगाड्यांसोबत कुत्र्याच्या पिल्लाची हाडं सापडली. ती सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची आहेत. दातांवरच्या खुणांवरून अभ्यासक सांगतात, की त्या पिल्लाला डिस्टेंपर हा रोग झाला होता आणि आजारपणात ते कित्येक आठवडे तगलं. कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, घाण काढली, त्याशिवाय ते शक्य नव्हतं. शिकारीला निरुपयोगी असलेलं आजारी पिल्लू लोकांनी सांभाळलं आणि आपल्या माणसांजवळ पुरलं.

आपल्या शेजारचंच उदाहरण हवं असेल तर कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा वीरगळ आहे. काळ दहाव्या शतकाच्या मध्याचा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या राजवटीचा. मणलेर नावाच्या योद्ध्याने पराक्रमाचं बक्षीस म्हणून गंग राजा बुतुगाकडे ‘काळि’ हे शिकारी कुत्रं मागून घेतलं. पुढे रानडुकराशी झुंजताना काळि मेलं आणि डुक्करही मेलं. त्या कुत्र्यासाठी देवळासमोर दगड उभा राहिला, त्यावर झुंज कोरली गेली आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. आज तो दगड बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. “आपल्या धर्मात कुत्र्यासाठी रडणं बसत नाही” असं म्हणणाऱ्यांनी खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरी पुन्हा एकदा नीट बघाव्यात. युधिष्ठिरानेही स्वर्गाच्या दारात सोबतच्या कुत्र्याला सोडायला नकार दिला होता.

तरीही हा शोक एकट्याने सोसावा लागतो. कुणी भेटायला येत नाही, कार्यालयात रजा मागायची लाज वाटते. समाज ज्याची दखल घेत नाही अशा दुःखाचा विचार केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडला. दखल नाही म्हणून असं दुःख लवकर ओसरत नाही, उलट ते आतल्या आत कोंडतं.

दुसरा गैरसमज दिसायला गोड आहे: खरा इमानी कुत्रा मालकामागे प्राण सोडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले. त्यांचा ‘गोवा’ नावाचा कुत्रा अंत्यदर्शनाला आणला होता. काही दिवसांतच तोही गेल्याचा संदेश घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. मुंबईतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने चौकशी केली, तेव्हा गोवा ठणठणीत असल्याचं कळलं. जपानच्या हाचिको या कुत्र्याबद्दलही तो मालकामागे झुरून मेला असं सांगतात. त्याचे मालक १९२५ मध्ये वारले आणि हाचिको १९३५ मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ दहा वर्षं गेली. त्याच्या जतन केलेल्या अवयवांच्या तपासणीत कर्करोग आणि हृदयात जंत आढळले. तो जवळजवळ दहा वर्षं मालकाची वाट बघत स्टेशनवर येत राहिला, हे खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. प्रेम सिद्ध करायला कुत्र्याने मरावं लागत नाही.

सगळ्यात जास्त छळणारा गैरसमज दयामरणाच्या इंजेक्शनचा आहे. “आपणच त्याला मारलं, आपोआप गेला असता तर शांतपणे गेला असता.” मूत्रपिंडं निकामी झालेला कुत्रा आपोआप जातो तेव्हा बहुतेकदा आधी कित्येक दिवस उलट्या करत, पाणीही न टिकता जातो. आमचा कुत्रा राजा याच्या पुढच्या पायावरचे केस काढून डॉक्टरांनी सुई लावली, वर पांढरी चिकटपट्टी मारली, तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आधी गुंगीचं औषध दिलं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. अशा डोसाने काही सेकंदांत शुद्ध हरपते, नंतर श्वास आणि हृदय थांबतं. डोळे मात्र उघडेच राहतात. मिनिटभराने एखादा मोठा आचका येतो, कातडी थरथरते, लघवी होते. ते पाहून “त्याला कळत होतं, तो धडपडत होता” असं पुष्कळजण वर्षानुवर्षं मनात धरून बसतात. तसं नसतं. ते स्नायूंचे आणि मज्जासंस्थेचे आपोआप होणारे प्रतिसाद असतात, जाणीव केव्हाच संपलेली असते. डॉक्टरांनी हे आधीच सांगायला हवं. न सांगितल्यास आपण विचारावं. वेळ ठरवतानाही निव्वळ अंदाजावर राहावं लागत नाही. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी सात गोष्टींना गुण देण्याची पद्धत दिली आहे: वेदना, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का.

मुलांना “तो गावाला गेला” सांगणं म्हणजे त्यांना रोज दाराकडे बघायला लावणं. “झोपला” त्याहून वाईट, कारण मग मूल स्वतः झोपायला घाबरतं. गेलेला परत येत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांपर्यंत समजू लागतं. त्याहून लहान मूल तेच पुन्हा पुन्हा विचारेल, तेव्हा प्रत्येक वेळी खरं आणि सोपं उत्तर द्यावं.

शहरात कुत्र्याचं शेवटचं काही नीट करताच येत नाही, हेही आता पूर्ण खरं नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभूमी सुरू केली. शेतात किंवा अंगणात पुरणार असाल तर खड्डा खोल हवा आणि विहिरीपासून लांब. इंजेक्शनचं औषध शरीरात उरतं, आणि ते उकरून खाणाऱ्या भटक्या कुत्र्याला किंवा घारीला त्याची विषबाधा होऊ शकते.

“लगेच दुसरं पिल्लू आण, विसरशील” असंही सांगतात. विसरायला होत नाही, आणि नवं पिल्लू जुन्याची जागा भरायला आलेलं नसतं. घाई न करण्याचं रोखठोक कारणही आहे. पहिला पार्व्होने गेला असेल तर तो विषाणू घरात आणि अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही. लस पूर्ण न झालेलं पिल्लू अशा घरात आणणं धोक्याचं आहे.

घरात दुसरा कुत्रा असेल तर “त्याला काय कळतंय” असं समजू नका. इटलीत कुत्रे पाळणाऱ्या ४२६ जणांकडून माहिती घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात फरक सांगितला. खेळणं कमी, झोप जास्त, खाणं कमी, माणसाच्या सतत पायात पायात. दोघं किती वर्षं एकत्र होते यापेक्षा त्यांचं नातं कसं होतं, यावर हे जास्त अवलंबून होतं. अशा कुत्र्याच्या जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा बदलू नका, गेलेल्याचं अंथरूण लगेच धुवायला टाकू नका. पूर्ण दिवसभर त्याने अन्नाला तोंडच लावलं नाही तर दुःख समजून वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा, कारण पहिल्याला जो आजार होता तोच याला असू शकतो.